गेटवरची वही

वहीत सहा रकाने:
नाव, गाडी नंबर, फ्लॅट, आत, बाहेर, सही.
काय आणलंय, याचा रकाना नाही.
तो मी नाकाने भरतो.

सात चाळीस, ए-३०२, मोमो.
आठ पाच, सी-११०४, बिर्याणी, एकच.
आठ दहा, पुन्हा सी-११०४, बिर्याणी, एकच,
दुसऱ्या हॉटेलची.
नवरा-बायको आहेत. बोलत नसावेत.

मी बालेवाडीत लागलो तेव्हा
पहाटेची वेळ कुकरवर कळायची.
सातव्या मजल्याची तिसरी शिट्टी झाली
की माझी रात्र संपली.
आता इथे शिट्टी एकच, माझ्या गळ्यातली,
तीही कुणी गाडी मागे घेत असेल तर.

तेव्हा कौसाबाई भालके सुतारवाडीहून चालत यायची.
पाच घरं, साठ पोळ्या.
सही करताना 'कौ'च्या मात्रा अशा ओढायची
की वरच्या ओळीतल्या माणसाचं नाव खोडलं जायचं.
जाताना माझ्या खिडकीत एक पोळी,
कुणाच्याच हिशोबात न धरलेली.
चार पदरांची घडी, आणि कडेला एक चिमटा,
करंजीला मुरड घालायला सुरुवात करावी
आणि विसरून जावं, तसा.
का गं, म्हटलं एकदा.
"हाताला विचारा," म्हणाली.

आधी सी-११०४ने सोडलं, मग बी-७०४ने.
"मावशी, आम्ही कधी जेवतो, कधी नाही,
तुमच्या पोळ्या उगाच वाळतात."
खोटं नव्हतं ते. वाळायच्या.
मग उरलेली तीन घरं, दिवाळीपर्यंत.

ओटे आहेत अजून, काळे, चकचकीत,
त्यांच्यावर लॅपटॉप असतो, चार्जर असतो.
गौरी आल्या तेव्हा वरून एका मॅडमचा फोन,
काका, गॅसचा मेन कॉक कुठे असतो?
आणि होळीला पुरणपोळीचे एकाहत्तर बॉक्स.
मोजले मी.
कटाची आमटी फक्त तिघांची.

नावं ठेवत नाही कुणाला.
मीही पंधरा दिवसांतून एकदा मागवतो,
कूपन आलं की, पन्नास रुपये सूट.
गावी सांगत नाही.

परवा रात्री अकरा सत्तावन्न.
समाधान आला, किनवटचा पोरगा,
बॅगेत लोकांचं जेवण आणि सीटखाली चालू घडामोडींचं पुस्तक.
बी-७०४ फोन उचलेना.
बेल मारली, खाली आला, पुन्हा वर गेला.
मग डबा माझ्या टेबलावर ठेवला.
"खा काका. परत नेला तरी टाकूनच देणार."
डब्यावर छापलेलं: आजोळ.
"कुठलं हॉटेल रे हे?"
"हॉटेल कसलं. सूसकडे एक शटर आहे,
आत सात हॉटेलं, दोन कढया."

फॉइल उचललं.
वाफेने ओलावलेल्या तीन पोळ्या.
चार पदर.
कडेला चिमटा.

"आत बायका आहेत का रे?"
"असतात. डोक्याला जाळीची टोपी.
नाव कोण विचारतंय, बॅग घ्यायची, निघायचं."
आणि तो निघाला.

म्हणजे सातशे चार
अजून तिच्याच हातचं जेवतो.
मधे फक्त पॅकिंगचे पैसे आलेत,
पाचपैकी किती तारे ते आलंय,
आणि समाधानचा घसा बसवणारा बाणेरचा धूर.
तिला माहीत नाही कुणासाठी लाटतेय.
त्याला माहीत नाही कुणाचं गिळतोय.
मला माहीत आहे,
पण मला कुणी विचारत नाही.

दोन खाल्ल्या. तिसरी खिडकीत ठेवली,
सकाळी चहात बुडवायला.

आणि वही ओढली.
भालके कौसा. गाडी नंबर: चालत. बी-७०४.
आत: ११.५७.

सकाळी सुपरवायझरने पान तपासलं,
बोट 'बाहेर'च्या कोऱ्या चौकटीवर.
"ही बाई गेली कधी?"
दोन वर्षं होतील, असं तोंडावर आलं होतं.
"बघून सांगतो साहेब," म्हटलं.